सांगली-मिरजेची नाटकं, सर्कस, तमाशा आणि टॉकीज: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सांगलीचा विषय निघाला की हळद, गणपती आणि पूर एवढं लगेच आठवतं, पण या गावाने आणि शेजारच्या मिरजेने महाराष्ट्राला करमणूक म्हणून काय काय दिलंय ते सगळं एकत्र कुठे सापडत नाही. म्हणून जे प्रश्न परत परत विचारले जातात त्यांची उत्तरं इथे लिहिलीत. काही उत्तरं लांबलीत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

सांगलीला नाट्यपंढरी का म्हणतात?

कारण ५ नोव्हेंबर १८४३ ला सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं आणि तिथून मराठी रंगभूमीची सलग वाट सुरू झाली. म्हणूनच ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. आता फक्त तेवढंच कारण असतं तर ते एका दिवसाचं कौतुक झालं असतं, पण पुढे नाटककार देवल इथले, खाडिलकर इथले, गायक नट बालगंधर्व स्टेजवर पहिल्यांदा उभे राहिले ते मिरजेत, गायक नट दीनानाथ मंगेशकरांनी बिऱ्हाड केलं ते सांगलीत. एका छोट्या संस्थानी गावाच्या आसपास एवढं सगळं घडलं, त्यामुळे हे नाव शोभतं असं माझं स्पष्ट मत आहे.

१८४३ साली नक्की काय झालं? भाव्यांना हे सुचलं कसं?

गोष्ट एक वर्ष आधीपासून सुरू होते. १८४२ ला कर्नाटकातून, उत्तर कानडा भागातून, एक भागवत मंडळी सांगलीत खेळ करायला आली. म्हणजे यक्षगान करणारे लोक, गाणं, नाच, भडक रंगवलेले चेहरे, देव-राक्षसांच्या लढाया. सांगलीचे राजे चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांनी ते खेळ बघितले, त्यांना कल्पना आवडली पण खेळातला ओबडधोबडपणा खटकला, आणि आपल्या भाषेत यापेक्षा नीटनेटकं काहीतरी व्हायला पाहिजे असं त्यांच्या मनाने घेतलं. दरबारातच विष्णु अमृत भावे नावाचा विशीतला तरुण होता, कविता करायचा, हाताने वस्तू घडवायचा, त्याला गोष्टी सांगायचा नाद, आणि राजांनी हे काम त्याच्यावर सोपवलं.

आता विचार करा, समोर नमुना म्हणून मराठी नाटक नाही, छापील संहिता नाही, नट नाहीत, कपडे-दागिने-मुकुट काहीच तयार नाही. हे सगळं भाव्यांनी स्वतः जमवलं, पदं स्वतः रचली, माणसं शोधून त्यांना शिकवलं. चांगल्या घरातल्या पोरांनी तोंडाला रंग लावून सोंगं घेणं हे तेव्हा कमीपणाचं समजलं जायचं, त्यामुळे दरबारचा हात पाठीवर नसता तर हा खेळ उभाच राहिला नसता. पहिला प्रयोग राजाश्रयाने राजांसमोर झाला, तो आवडला, आणि मग रामायण-महाभारतातल्या कथांवर एकामागून एक खेळ तयार होत गेले. पुढे १८८५ ला भाव्यांच्या या पदांचा संग्रह छापूनही आला, त्यामुळे निदान गाण्याचा भाग तरी आपल्या हातात उरलाय.

ते नाटक दिसायला कसं होतं? आजच्यासारखं होतं का?

अजिबात नाही. आजचा माणूस बघायला बसला तर त्याला ते कीर्तन, दशावतार आणि यक्षगान यांचं मिश्रण वाटेल. सूत्रधार सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्टेजवरच, टाळ-मृदंगवाले त्याच्या मागे, आणि गाणं म्हणजे जवळजवळ सगळं सूत्रधारच म्हणणार. आधी मंगलाचरण, मग विदूषक येऊन सूत्रधाराशी थट्टामस्करी करणार, मग गणपती येणार, मग सरस्वती नाचत येणार, आणि त्यानंतर मूळ कथा. सूत्रधार पदातून प्रसंग सांगतो, आणि मग पात्रं त्याच प्रसंगावर आपापलं गद्य भाषण आयत्या वेळी करतात. म्हणजे संवाद लिहिलेले नव्हते! कोण किती रंगवेल ते त्या रात्रीवर अवलंबून.

नटांची वाटणी पण मजेशीर होती, देवपार्टी, राक्षसपार्टी, स्त्रीपार्टी अशी. राक्षसपार्टीचा जोर असा की आरडाओरडा करत, तलवारी फिरवत एंट्री, आणि त्या आरोळीवरूनच या नाटकांना पुढे 'अललडुर्र' नाटकं असं नाव पडलं. नंतरच्या शिकलेल्या लोकांनी हे नाव जरा नाक मुरडून वापरलं. मला ते पटत नाही. लाईट म्हणजे मशाली आणि तेलाचे दिवे, माईक नाही, समोर शेकडो माणसं, अशा वेळी मागच्या रांगेतल्या माणसापर्यंत राक्षस पोचवायचा तर आवाज असाच लावावा लागणार.

हेच पहिलं मराठी नाटक का? तंजावरचं काय?

प्रश्न बरोबर आहे. तंजावरच्या भोसले राजांनी, विशेषतः शहाजीराजांनी, सतराव्या शतकाच्या शेवटी मराठीत नाटकं लिहिली होती. त्यामुळे 'मराठीत लिहिलेलं सगळ्यात पहिलं नाटक' असं सांगलीबद्दल कोणी म्हणत असेल तर ते बरोबर नाही. पण तंजावरची नाटकं तिथल्या दरबारातच राहिली, महाराष्ट्रात त्यांची परंपरा झाली नाही. भाव्यांच्या खेळापासून मात्र कंपन्या निघाल्या, त्यातून संगीत नाटक आलं, आणि ती साखळी आजच्या व्यावसायिक नाटकापर्यंत तुटलेली नाही. सांगलीचा मान या सलगपणाचा आहे आणि तो तेवढाच मोठा आहे.

तिकीट लावून नाटक कधीपासून सुरू झालं?

१८५१ ला अप्पासाहेब वारले आणि दरबारचा आश्रय संपला. मंडळी पोसायचा खर्च तर चालूच होता, त्यामुळे भावे आपली माणसं घेऊन बाहेर पडले, गावोगाव खेळ करत गेले आणि १८५३ ला मुंबईत पोचले. तिथे ग्रँट रोडला जगन्नाथ शंकरशेट यांच्या पुढाकाराने १८४६ ला थिएटर उभं राहिलेलं होतं, तिथे भाव्यांनी तिकीट लावून प्रयोग केले, आणि मुंबईत त्यांनी 'राजा गोपीचंद' हे हिंदी नाटकही केलं.

ही गोष्ट मला १८४३ इतकीच महत्त्वाची वाटते. राजा खूश झाला की बक्षीस देणार हा हिशोब वेगळा आणि अनोळखी माणूस खिशातून पैसे काढून आत येणार हा वेगळा. मराठी नाटकाचा धंदा म्हणून जन्म इथे झाला. भाव्यांच्या मागोमाग इचलकरंजीकर, आळतेकर, सांगलीकर अशा गावांच्या नावाने नाटक मंडळ्या निघाल्या आणि सामान बैलगाड्यांवर लादून महाराष्ट्रभर फिरू लागल्या.

विष्णुदास भाव्यांचं पुढे काय झालं? बाहुल्यांची गोष्ट खरी आहे का?

खरी आहे. काही वर्षं फिरल्यावर त्यांनी नाटक मंडळीतून अंग काढून घेतलं. त्यांना लाकडी बाहुल्या घडवण्याचा आधीपासून नाद होता, हातपाय-मान हलणाऱ्या कळसूत्री बाहुल्या. त्यांनी केलेल्या या बाहुल्या टिकल्या आणि पुढे बाहुलीकार रामदास पाध्ये यांनी त्या दुरुस्त करून त्यांचे खेळ पुन्हा रंगमंचावर आणले. भावे १९०१ ला ९ ऑगस्टला वारले, म्हणजे संगीत नाटकाचा सुवर्णकाळ नुकता चढत होता तेव्हा.

देवल आणि खाडिलकर दोघेही सांगलीचे का?

हो. गोविंद बल्लाळ देवल १८५५ ला हरिपूरला जन्मले, सांगलीपासून अगदी जवळ, कृष्णा-वारणेच्या संगमावरचं गाव. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १८७२ ला सांगलीत जन्मले.

देवलांबद्दल जरा जास्त लिहितो कारण खाडिलकरांचा गाजावाजा खूप होतो आणि देवल मागे राहतात. देवल हे अण्णासाहेब किर्लोस्करांच्या तालमीतले. किर्लोस्करांनी १८८० ला 'शाकुंतल' करून गाणं सूत्रधाराच्या तोंडून काढलं आणि पात्रांच्या तोंडी दिलं, तिथून संगीत नाटक सुरू झालं. पण विषय अजून पुराणातलेच होते. १८९९ ला देवलांचं 'शारदा' आलं आणि पहिल्यांदा स्टेजवर आपल्याच आळीतली माणसं दिसली. पैशासाठी पोटची पोरगी म्हाताऱ्याला द्यायला निघालेला कांचनभट, लग्नाला उतावळा झालेला भुजंगनाथ, आणि मधे सापडलेली शारदा. बालाजरठ विवाहावर तेव्हा लेख येत होते, भाषणं होत होती, पण घरातल्या बायकांपर्यंत ते नाटकाने पोचवलं, तेही गाण्यातून, आणि भाषा इतकी साधी की आजही कानाला परकी वाटत नाही. 'शारदा' हरिपूरच्या पारावर बसून लिहिलं असं गावात सांगतात.

देवलांचं 'संशयकल्लोळ' संगीत रूपात रंगभूमीवर आलं ते १९१६ ला, आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते वारले होते. एवढं हसवणारं नाटक, आणि त्याचं यश बघायला लिहिणारा नव्हता.

खाडिलकर हे टिळकांच्या 'केसरी'तले, त्यामुळे त्यांच्या नाटकात राजकारण आलंच. 'कीचकवध' १९०७ चं, त्यात कीचक म्हणजे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन आणि द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान हे प्रेक्षकांना न सांगता कळत होतं, सरकारलाही कळलं आणि १९१० ला नाटकावर बंदी आली. नंतर त्यांनी 'मानापमान' (१९११) आणि 'स्वयंवर' (१९१६) लिहिली, ती गाण्यांसाठी अजूनही होतात.

बालगंधर्वांचा मिरजेशी काय संबंध?

नारायण राजहंस, म्हणजे पुढचे बालगंधर्व, या मुलाचा गळा गोड पण एका कानाने कमी ऐकू यायचं. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्याला उपचारासाठी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलला पाठवलं, तिथले डॉ. वॉनलेस तेव्हा लांब लांब माहीत होते. किर्लोस्कर मंडळीला भाऊराव कोल्हटकर गेल्यापासून तसा गायक नट मिळत नव्हता, आणि १९०५ ला मिरजेतच नारायण शकुंतला म्हणून पहिल्यांदा उभा राहिला. ते थिएटर म्हणजे हंसप्रभा. त्याच जागी आता महापालिकेचं बालगंधर्व नाट्यगृह आहे. मिरजेत राहणाऱ्या कित्येकांना रोज समोरून जाऊन हे माहीत नसतं, निदान मुलांना तरी सांगा.

मंगेशकर कुटुंब सांगलीत राहायचं का?

राहायचं. मास्टर दीनानाथ, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांनी १९१८ ला बळवंत संगीत मंडळी काढली, ती खूप चालली, आणि दीनानाथांनी सांगलीत घर केलं. आशा भोसले यांचा जन्म १९३३ चा, सांगलीचाच. पण तोवर बोलपट आलेला होता. कंपनीने बळवंत पिक्चर्स काढून सांगलीत चित्रपट करायला घेतले, 'कृष्णार्जुन युद्ध' १९३४ ला आला, दिग्दर्शनात विश्राम बेडेकर आणि चिंतामणराव कोल्हटकर. सिनेमाने पैसा परत दिला नाही, कंपनी कर्जात गेली, आणि कुटुंबाला सांगली सोडावी लागली. दीनानाथ १९४२ ला पुण्यात वारले तेव्हा फक्त ४१ वर्षांचे होते. सांगलीत त्यांच्या नावाने नाट्यगृह आहे.

हा भाग वाचताना एक लक्षात घ्या, ही एकट्या दीनानाथांची शोकांतिका नव्हती. १९३२ ला पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' शेजारी कोल्हापूरला तयार झाला आणि त्यानंतर पाच-सहा वर्षांत मोठमोठ्या संगीत कंपन्या एकेक करून बसल्या. शंभर-शंभर माणसं, पडदे, स्वयंपाकी, सामानाचे डबे असा लवाजमा घेऊन फिरणाऱ्या कंपनीला, एका डब्यातून येणाऱ्या रिळाशी स्पर्धा करायची होती, आणि रिळाचं तिकीट स्वस्त होतं.

सर्कशीचा सांगलीशी काय संबंध? केरळची ना सर्कस?

केरळ नंतर आलं. भारतीय सर्कशीचे जनक म्हणून ज्यांचं नाव घेतात ते विष्णुपंत छत्रे सांगली जिल्ह्यातल्या अंकलखोपचे! घोड्यांची विद्या शिकलेले, कुरुंदवाडच्या पटवर्धन राजांच्या पागेवर होते. १८७९ च्या सुमाराला किआरिनी नावाच्या इटालियन माणसाची सर्कस मुंबईत आली होती, आणि हिंदुस्थानात असं काही कुणाला जमणार नाही अशा अर्थाचं बोलणं झालं, ते छत्र्यांच्या जिव्हारी लागलं. छत्र्यांनी आपले घोडे, आपली माणसं तयार केली आणि १८८० ला मुंबईत 'ग्रेट इंडियन सर्कस'चा पहिला खेळ लावला. केरळमधल्या तलश्शेरीची सर्कस परंपराही छत्र्यांची सर्कस तिथे गेल्यावर, किलेरी कुंजिकण्णन या व्यायामशिक्षकांच्या हातून सुरू झाली.

छत्रे गाण्याचेही मोठे शौकीन. ग्वाल्हेर घराण्यातले अफाट गायक रहिमत खाँ यांना त्यांनी सांभाळलं, सर्कशीबरोबर फिरवलं, खाँसाहेबांचा शेवट कुरुंदवाडलाच झाला. घोड्यांच्या कसरती आणि ख्यालगायन एकाच तंबूच्या आश्रयाला, हे फक्त या भागातच होऊ शकतं असं वाटतं.

नंतर मिरजेजवळच्या म्हैसाळच्या देवलांचीही सर्कस नावाजली. पुढे वन्यप्राण्यांच्या खेळांवर बंदी आली आणि मोठ्या सर्कशींचं फिरणं कमी झालं.

तमाशा आणि लोकनाट्य यांचं काय? सगळं नाटकच होतं का?

हा प्रश्न विचारलात ते बरं झालं, कारण नाट्यपंढरी म्हणताना तमाशा विसरला जातो, आणि खेड्यातल्या माणसाची करमणूक म्हणजे बऱ्याचदा तमाशाच होता. शहरात तिकीट काढून संगीत नाटक बघणारा वर्ग वेगळा आणि जत्रेत रात्रभर जमिनीवर बसून गण-गवळण-वग बघणारा वेगळा.

पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे, मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्म १८६६. ब्राह्मण घरातला माणूस, कुलकर्णीपण सोडून तमाशात गेला, तमाशातली नर्तिका पवळा हिच्याबरोबर फड उभा केला, ती महार समाजातली, आणि त्या काळात हे करणं म्हणजे घरदार, जात, मान सगळं सोडणं. लावण्या सगळीकडे गाजल्या, पण माणूस १९४५ ला हलाखीत गेला. त्याच वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे, जन्म १ ऑगस्ट १९२०. त्यांनी तमाशाचा साचा घेतला आणि त्यात कामगार, शेतकरी, संप, सावकार आणले. अमर शेख आणि गव्हाणकर या शाहिरांबरोबर १९४४ ला लाल बावटा कलापथक काढलं. 'लोकनाट्य' हा शब्द आज आपण सहज वापरतो, त्यामागे अण्णाभाऊंचं काम आहे.

सांगलीजवळचं कवलापूर हेही तमाशाचं गाव, शिवा-संभा कवलापूरकरांचा फड जुन्या लोकांना अजून आठवतो. फडातल्या कलावंतांना, खास करून बायकांना, जो मान मिळायला हवा होता तो नाटकवाल्यांच्या तुलनेत कधीच मिळाला नाही. नाटकाच्या नटाची गौरवपदकं झाली, पुतळे झाले. सोंगाड्याच्या आणि ढोलकीवाल्याच्या नावाने चौक शोधून बघा.

कुस्ती यात मोजायची का?

मोजायलाच पाहिजे. तिकीट लावून, पोस्टर लावून, हजारोंनी माणूस जमवणारा खेळ आहे, मग करमणूक नाही तर काय. कुंडलचं मैदान प्रसिद्ध, हिंदकेसरी गणपतराव आंदळकर शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे, हिंदकेसरी मारुती माने कवठेपिरानचे. जत्रेत दिवसा कुस्ती आणि रात्री तमाशा, हा कार्यक्रम अनेक गावांत अजून तसाच आहे.

बायका स्टेजवर कधी आल्या?

भाव्यांच्या काळात आणि पुढे कितीतरी वर्षं स्त्रीपार्टी म्हणजे पुरुषच. तमाशात बायका होत्या पण 'सभ्य' रंगभूमीला त्या चालत नव्हत्या. या बाबतीत मिरजेत १९०५ ला जन्मलेल्या हिराबाई बडोदेकर यांचं नाव घ्यायलाच हवं, उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या कन्या. तिकीट लावून, समोर बसून, साध्या नऊवारी साडीत शास्त्रीय गाण्याचा जाहीर जलसा करणाऱ्या पहिल्या काही बायकांमध्ये त्या होत्या, आणि नाटकातही उतरल्या. मजा बघा, ज्या वर्षी मिरजेत नारायण राजहंस शकुंतला झाला त्याच वर्षी त्याच गावात हिराबाई जन्मल्या.

मिरजेत गाण्याचं इतकं वातावरण कसं?

दोन कारणं, एक वाद्यं आणि एक दर्गा. मिरजेत एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांपासून सतार-तंबोरा बनवायचं काम सुरू झालं, हत्यारं बनवणाऱ्या शिकलगार घराण्यातली माणसं या कामाकडे वळली. पंढरपूरकडचा कडू भोपळा आणायचा, वाळवायचा, त्यावर गळा बसवायचा, जवारी लावायची (म्हणजे घोडी घासून तारेचा नाद जुळवायचा), हे काम अजून सतारमेकर गल्लीत हाताने चालतं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ ला जीआय, म्हणजे भौगोलिक ओळखीचं, मानांकनही मिळालं.

दुसरं म्हणजे ख्वाजा शमना मिरा दर्गा. अब्दुल करीम खाँ साहेब मिरजेत स्थायिक झाले, १९३७ ला गेले, आणि त्यांची कबर याच दर्ग्यात आहे. उरुसाच्या वेळी त्यांच्या स्मरणार्थ दर्ग्याच्या आवारात चिंचेच्या झाडाखाली संगीत सभा होते, तिकीट नाही, मोठमोठे कलाकार हजेरी म्हणून गातात. एकदा तरी जाऊन बसा.

टॉकीजचा जमाना कसा संपला?

जसा सगळीकडे संपला तसाच. आधी टीव्ही, मग व्हिडिओ, मग केबल, मग मल्टिप्लेक्स, मग मोबाईल. बाल्कनी, स्टॉल, इंटरव्हलचे शेंगदाणे आणि शुक्रवारी रिक्षातून ओरडणारी जाहिरात हे बहुतेक गेलं. सांगलीत वर पुराचा मार, २००५, २०१९, २०२१, नदीकाठच्या जुन्या पेठांत पाणी शिरलं की लाकडी फर्निचर असलेल्या कुठल्याही जुन्या इमारतीचं काय होत असेल ते सांगायला नको.

आज नाटक बघायचं तर कुठे? भावे पदक काय आहे?

सांगलीत विष्णुदास भावे नाट्यमंदिर आणि दीनानाथ नाट्यगृह, मिरजेत बालगंधर्व नाट्यगृह. राज्य नाट्य स्पर्धेचं केंद्र सांगलीत असतं, तिथे हौशी संस्थांची नाटकं अगदी कमी तिकिटात बघायला मिळतात आणि प्रेक्षक बऱ्याचदा थोडेच असतात. मुंबई-पुण्याहून आलेल्या नावाजलेल्या प्रयोगाला हाऊसफुल आणि आपल्याच गावातली पोरं ऑफिस करून दोन महिने तालीम करून उभी राहतात तिथे रिकाम्या खुर्च्या, हे मला खूप लागतं. भाव्यांची पहिली मंडळी पण गावातली हौशी पोरंच होती.

भावे गौरव पदक अखिल महाराष्ट्र नाट्यविद्या मंदिर समिती देते, दरवर्षी ५ नोव्हेंबरला, सांगलीत. रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या माणसाला हे मिळतं, २०२३ ला प्रशांत दामले यांना मिळालं. १९४३ ला शताब्दीचं नाट्यसंमेलनही सांगलीतच झालं होतं, अध्यक्ष वि. दा. सावरकर.

पण हे सगळं याच भागात का? मोठं शहर तर नव्हतं.

मोठं नव्हतं म्हणूनच, असं मला वाटतं. पटवर्धनांची छोटी छोटी संस्थानं शेजारी शेजारी होती, सांगली, मिरज, कुरुंदवाड, जमखंडी, आणि थोड्या अंतरावर कोल्हापूर. एका दरबारात गवई असला की दुसऱ्याला पण पाहिजे, एकाकडे नाटक झालं की दुसरा बोलावणार. कलावंताला एका राजाने नाराज केलं तर वीस मैलांवर दुसरा होता. शिवाय हा भाग मराठी-कानडीच्या सीमेवरचा, म्हणून यक्षगान सांगलीपर्यंत चालत आलं आणि कर्नाटकी चाली मराठी नाट्यगीतांत शिरल्या. मग हळदीच्या पेठेचा पैसा आला, व्यापाऱ्याला संध्याकाळी करमणूक लागते. आणि मिरज रेल्वे जंक्शन झालं तेव्हा पुणे, बेळगाव, हुबळी, कोल्हापूर अशा सगळ्या दिशांना जाणाऱ्या कंपन्यांना मिरजेत मुक्काम करणं सोयीचं झालं.

एका दिवसात हे सगळं फिरून बघता येईल का?

येईल. सकाळी हरिपूरला संगमेश्वराचं देऊळ, संगम आणि पार, तिथून सांगलीत गणपती मंदिर, भावे नाट्यमंदिर. दुपारी मिरज, सांगलीपासून साधारण दहा किलोमीटर, बस-रिक्षा सतत असतात. सतारमेकर गल्लीत दुकानदार काम चालू असताना बघू देतात, फक्त जवारी लावत असतील तर मधे बोलू नका, त्यांचा कान त्या तारेवर असतो. मग दर्गा, मग बालगंधर्व नाट्यगृह, आणि त्या रात्री तिथे प्रयोग असेल तर तिकीट आधीच काढून ठेवा. पावसाळ्यात कृष्णेची पाणीपातळी बघून मगच हरिपूरला उतरा.